बाबांच्या उशाचं तांबडं गवत

प्रिटोरियाच्या पूर्वेला, कोळशाच्या खाणींशेजारी वसलेल्या आमच्या फोला वस्तीत सेलिना जियानेला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. कारणं दोन. एक म्हणजे ती बोलायला लागली की थांबत नाही. दुसरं म्हणजे चौदा वर्षांपूर्वी ती आपल्या मेलेल्या बापाच्या थडग्यावर फतकल मारून बसली आणि खाणीच्या साहेबांपासून सख्ख्या भावापर्यंत कुणालाही बधली नाही. पहिल्या कारणासाठी लोक तिला पाहून रस्ता बदलतात आणि दुसऱ्यासाठी टोपी काढतात. दोन्ही एकदम करताना त्यांची तारांबळ उडते, पण ते त्यांचं त्यांनी बघावं.

तिचा बाप फिलेमोन जियाने एका गोऱ्या शेतकऱ्याची गुरं राखायचा. आज जिथे खाणीचं कुंपण सुरू होतं, तिथपासून पार ओढ्यापर्यंत सगळं कुरणच होतं. उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्चच्या पावसात, तिथे तांबडं गवत गुडघाभर वाढायचं आणि जून-जुलैच्या हिवाळ्यात अख्खा उतार विटकरी दिसायचा. त्या गवताच्या बीला लांब काळं कुसळ असतं. तळहातावर बी ठेवून त्यावर थुंकलं की ते कुसळ गरगर फिरायला लागतं, जिवंत असल्यासारखं. सेलिना आणि तिचा थोरला भाऊ जोनास तासन्‌तास हाच खेळ खेळायचे. जोनास मूठभर कुसळं तिच्या मानेशी फ्रॉकात सोडायचा आणि पळायचा. ती रडत बापाकडे जायची. बाप शांतपणे एकेक कुसळ काढायचा आणि म्हणायचा, अगं, हे बी स्वतःच स्वतःला जमिनीत खुपसून घेतं, त्याला कुणी पेरावं लागत नाही, तुझी मान त्याला जमीन वाटली.

ती चौदाची असताना बाप वारला. शेतावरच, त्याच्या आईवडिलांशेजारी आणि आठ दिवस जगलेल्या एका लेकराशेजारी त्याला पुरलं. चार थडगी, वर दगडांचे ढीग. बापाच्या दगडावर त्याचा निळ्या काठाचा साधा पत्र्याचा मग ठेवला, ज्यातून तो चहा प्यायचा. पुढे शेत कोळशासाठी विकलं गेलं. जिवंत माणसांना गाडीत सामान भरून निघायला सांगितलं. जोनास दूर सियाबुस्वाला गेला आणि बसच्या कारखान्यात लागला. सेलिना लग्न होऊन फोलात आली. मेलेले होते तिथेच राहिले.

मग एक दिवस खाण थडग्यांपाशी येऊन ठेपली. कायदा असा की घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय थडग्याला हात लावायचा नाही. जोनासने सही केली. आता जोनास काही वाईट माणूस नाही, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच त्याच्यावर दात धराल. त्याचं म्हणणं सरळ होतं. बाबा तिकडे सुरुंगांच्या दणक्यात एकटे पडलेत, त्यांना माझ्या घराजवळ आणतो, सणासुदीला दोन घोट ओतायला मी जवळ असेन. यात चुकीचं काय होतं?

ठरल्या दिवशी तो रानबोरीची फांदी घेऊन आला. आमच्यात मेलेल्याला हलवायचं तर हाडं पेटीत जातात, पण माणूस फांदीवर येतो. फांदी थडग्यावर टेकवायची, नाव घेऊन सांगायचं की चला, आता निघायचंय, आणि मग घरी पोचेपर्यंत त्या फांदीशिवाय दुसऱ्या कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. जोनासने टॅक्सीत बापासाठी खिडकीची जागासुद्धा राखून ठेवली होती. खाणीची माणसं, पाद्री, भाऊबंद, सगळे जमले होते. आणि सेलिना चालत आली, कुणाला नमस्कार ना चमत्कार, सरळ जाऊन बापाच्या दगडांवर बसली.

दुपार झाली, संध्याकाळ झाली. ती उठेना. ती एवढंच म्हणत होती की बाबा या गवतात जन्मले, या गवतात मेले, ते कुठे जाणार नाहीत. जोनास शेवटी तिच्यासमोर उकिडवा बसला.

"सेली, डोळे उघडून बघ. उद्या याच्या चारी बाजूंनी खड्डा असेल. बाबांना तू खड्ड्यात एकटं ठेवते आहेस."

"खड्डा बुजवणार आहेत. कागदावर लिहिलंय त्यांनी. जमीन परत येईल."

"आणि नाही आली तर?"

"येईल म्हणते ना. मी आणीन."

सगळ्यांच्या समोर म्हणाली ती. जोनास उठला आणि रिकामी फांदी घेऊन टॅक्सीत बसला. राखलेली जागा तशीच राहिली. सियाबुस्वाला त्याच्या अंगणात सगळं गोत स्वागताला उभं होतं, बैल कापायला बांधलेला होता. लोकांनी विचारलं, कुणाला आणलंस? त्या दिवसापासून तो बहिणीशी बोलला नाही. लोक म्हणायचे, जोनासने फांदी अजून हातातून खाली ठेवलेली नाही, म्हणून त्याचं तोंड बंद आहे. थट्टाच होती, पण सेलिनाच्या कानावर आली की ती मात्र हसायची नाही.

खाण खरंच चारी बाजूंनी आली. थडग्यांभोवती शंभर-शंभर पावलं जागा सोडून कुंपण घातलं आणि बाकी सगळं यंत्रांनी खाल्लं. रस्त्यावरून पाहिलं तर खोल काळ्या खड्ड्याच्या मधोमध तेवढा एक गवताचा चौकोन उभा दिसायचा. आठ वर्षं तो तसाच उभा होता. मग कोळसा संपला, खड्डा भरला, वरून बाजूला काढून ठेवलेली माती पसरली आणि हिरवळ करायला बायकांची टोळी लागली. सेलिनाचा नवरा तोवर गेला होता आणि पोरी प्रिटोरियाला नोकरीला होत्या. टोळीसाठी नावं घेतायत हे कळलं, त्या दिवशी ती पहाटे चारलाच खाणीच्या दारात जाऊन उभी राहिली. मुकादमाने वय विचारलं, तर म्हणाली, तुझ्या आईपेक्षा कमी.

काम कष्टाचं होतं. दगड वेचायचे, चर खणायचे, ट्रॅक्टर जाऊ शकत नाही तिथे हाताने बी फेकायचं आणि त्यावर वाळलेलं गवत अंथरायचं. बी बाहेरून विकत यायचं, सोबत खताच्या गोण्या. पहिल्या वर्षी असं हिरवंगार व्हायचं की साहेब लोक फोटो काढून न्यायचे. दुसऱ्या वर्षी खत थांबलं की गवत पिवळं पडायचं, तिसऱ्या वर्षी विरळ व्हायचं, आणि मग एका वादळी पावसात उतारावरची माती गेलीच म्हणून समजा. थडग्यांच्या खालचा चार नंबरचा उतार तर सहा वर्षांत तीनदा पेरला, तीनदा वाहून गेला. पावसानंतर तिथे कमरेइतक्या घळी पडायच्या. सेलिना दुपारी तिथे डबा उघडायची आणि मक्याच्या पिठाचा घाटा खाता खाता वर बापाच्या चौकोनाकडे बघायची. जोनासचं म्हणणं तिच्या कानात घोळायचं. खड्डा बुजला होता खरा, पण जमीन कुठे आली होती? तिने तर बापाला ओसाड माळावर ठेवलं होतं. आयुष्यभर एकच गोष्ट ठामपणे केली आणि तीच चुकली, असं वाटून ती डबा अर्धाच झाकून ठेवायची.

त्यात खाणीत एक नवी पर्यावरण अधिकारी आली. केनेइलवे तिचं नाव, रुस्टेनबर्गकडची, वयाने सेलिनाच्या धाकटीएवढी, शिकलेली पण शहाणी. तिने टोळीला बसवून स्पष्ट सांगितलं की चार नंबरला आता दोन उन्हाळे उरलेत. सरकारी तपासनीस येतील तेव्हा गवत धरलेलं दिसलं नाही, तर वरून ठरलंय, तिथे निलगिरी लावून मोकळे होणार. निलगिरी म्हणजे खाली गवताचं पातं उगवणार नाही आणि जमिनीतलं पाणी सगळं झाडं पिऊन टाकणार. थडग्यांचा चौकोनही मग सावलीत जाऊन मरणार. सेलिनाने काही विचारलं नाही. ती गप्प बसली की टोळीतल्या बायका घाबरायच्या.

तो जानेवारी होता. आणि जानेवारीत त्या कुंपणाच्या आत तांबडं गवत बीला आलं होतं.

कसं कुणाच्या डोक्यात आलं नाही इतकी वर्षं? आलं असेलही, पण थडग्यांवरून आमच्यात काही नेत नाहीत. काडीसुद्धा नाही. निघताना हात धुतात आणि मागे वळून बघत नाहीत. नेणं भागच असेल, तर घराण्यातल्या थोरल्या पुरुषाने मेलेल्यांना विचारायचं. लग्न होऊन गेलेल्या लेकीला ते बोलण्याचा हक्क नाही. थोरला पुरुष होता जोनास. तिने त्याच्या बायकोला फोन करून निरोप दिला. आठवडा गेला, दुसरा गेला. बी तर पिकलं की गळतं, कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सेलिनाने कमरेचं फडकं सोडलं, आत गेली आणि न विचारता बी ओरबाडायला सुरुवात केली. मनात ती बापाची माफी मागत होती, पण मोठ्याने बोलायची हिंमत झाली नाही. चार दुपारी तिने हेच केलं. दोन गोण्या भरल्या.

एक गोणी तिने लगेच चार नंबरवर, अगदी वरच्या अंगाला पेरली. रोज कामाआधी जाऊन वाकून बघायची. पाऊस चांगला पडत होता. एक महिना झाला, दोन झाले. एक कोंब नाही. विकतचं बी पाच दिवसांत वर येतं आणि हे बापाच्या उशाचं बी, जे स्वतःच स्वतःला पेरतं म्हणून बाप सांगायचा, ते मातीत तसंच पडून होतं. टोळीतली डॉरिस तिची जिवाभावाची मैत्रीण. तिने बघितलं, हनुवटीला हात लावला आणि म्हणाली की चोरीचं बी आहे बाई, म्हातारा देत नाहीये.

सेलिनाला ते काळजात घुसलं. जमीन नाही तर नाही, पण बाप आपल्यावर नाराज आहे, हे तिला सहन होईना. ज्याच्यासाठी सगळ्या जगाशी भांडली त्यानेच पाठ फिरवली. ती बोलायची बंद झाली. वस्तीत लोक आता रस्ता बदलेनात, उलट विचारायला यायचे, बरी आहेस ना?

उरलेल्या गोणीचं काय करायचं? थडग्यावरची वस्तू घरात घ्यायची नाही. फेकायचीही नाही, नाहीतर पाप दुप्पट. डॉरिसच्या सांगण्यावरून तिने ती अंगणातल्या चुलीच्या खोपटात आढ्याला टांगली. म्हटलं, जोनास येऊन काय ते बोलेपर्यंत राहू दे. आणि जोनास काही येईना. ती रोज संध्याकाळी खाली चूल पेटवायची, ओल्या वॅटल बाभळीच्या लाकडांचा धूर डोळ्यांत जायचा, वर गोणी काळी होत जायची. हिवाळा आला, धुकं आलं, गोणीवर काजळी चढली. ती दर महिन्याला निरोप पाठवायची. तिकडून त्याच्या बायकोचं एकच उत्तर, तो ऐकतो पण बोलत नाही.

नोव्हेंबरात, पहिला चांगला पाऊस होऊन गेल्यावर एका शनिवारी जोनास खाणीच्या दारात उभा राहिला. सत्तरीला टेकलेला, कोट घातलेला, हातात ज्वारीच्या बिअरचा डबा. त्याला आणवलं कुणी? केनेइलवेने. तिला सगळी कथा डॉरिसकडून कळली होती. तिने परस्पर फोन करून त्याला एवढंच सांगितलं होतं की आजोबा, येत्या उन्हाळ्यानंतर तिथे निलगिरी लागेल, मग भांडायलाही जागा उरणार नाही.

दारावर वेगळीच फजिती. खाणीत दारू नेता येत नाही, थेंबभरही नाही. पहारेकरी डबा आत सोडेना. जोनास म्हणाला, मी पिणार नाहीये, माझे वडील पिणार आहेत. पहारेकऱ्याने विचारलं, त्यांची हजेरी कुठल्या पाळीत? शेवटी केनेइलवेने वही ओढून घेतली आणि रकान्यात लिहिलं, बियाण्यावर शिंपडायचं द्रावण, दोन लिटर. आणि खाली सही ठोकली.

सेलिना गोणी पाठीवर घेऊन कुंपणापाशी उभी होती. भावाला तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. किती वाळला होता. त्याने तिच्याकडे न बघता केनेइलवेला म्हटलं, "त्या बाईंना सांग, गोणी इकडे आण म्हणावं."

"त्या गृहस्थांना सांग, आणली आहे," सेलिना म्हणाली.

केनेइलवे बिचारी दोघांच्या मध्ये उभी. दोघंही हाताच्या अंतरावर.

जोनास थडग्यापाशी गुडघ्यावर बसला. टोपी काढली. चिमूटभर तपकीर दगडावर सोडली. मग पत्र्याच्या मगातलं पावसाचं पाणी ओतून टाकून, कोटाच्या बाहीने तो पुसून, त्यात बिअर भरली. वाऱ्यावर गवत वाजत होतं.

"बाबा, मी जोनास," तो म्हणाला. "फांदी घेऊन आलो होतो तो. रिकामा गेलो. तुम्हाला एकटं सोडून गेलो असं मला वाटायचं, पण खरं तर मीच एकटा गेलो. आज सेलिना विचारते आहे की तुमच्या उशाचं बी नेऊ का. तिने आधीच नेलंय. विचारायचं राहिलं. ती लहानपणापासून अशीच आहे, तुम्हाला माहीत आहे. तिच्यावर रागावू नका. राग धरायचाच असेल तर माझ्यावर धरा, मला सवय झालीय."

चौदा वर्षांत त्याने तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. सेलिनाने ते ऐकलं आणि खाली बसली, गोणी मिठीत धरून. रडली ती, आणि का रडू नये? जोनासने गोणीला हात लावला, उरलेली बिअर बियाण्यावर शिंपडली, उठला, हात धुतले आणि मागे न बघता दाराकडे चालू लागला. तिच्याशी मात्र एक शब्द नाही. हट्टीपणात जियानेंचं घराणं काही कुणाला हार जायचं नाही.

त्याच दुपारी टोळीतल्या अकराही बायकांनी चार नंबरवर ते बी हाताने पेरलं. गोणीला धुराचा इतका वास होता की डॉरिस म्हणाली, आपण गवत पेरतोय की सुकं मांस?

अकराव्या दिवशी सेलिनाने पहाटेच्या उजेडात वाकून बघितलं. सुईएवढे कोंब, बुडाशी किंचित जांभळे. तिला आधी वाटलं डोळ्यांचा खेळ आहे. तिने चष्मा पुसला, मग गुडघ्यांवर बसली, मग पोटावर झोपली. कोंब होते. सगळीकडे होते. मुकादम धावत आला, त्याला वाटलं बाई चक्कर येऊन पडली.

सगळं काही छान झालं असं मी सांगणार नाही. खालच्या अंगाला, जिथे पाणी जोरात उतरतं, तिथे डिसेंबरच्या पावसाने अर्धं बी वाहून नेलं. एका कोपऱ्यात सशांनी फडशा पाडला. पण वरच्या अंगाला गवताने माती धरली. मुळांनी घट्ट मूठ आवळावी तशी धरली. जानेवारीतल्या मोठ्या वादळानंतर तिथे नवी घळ पडली नाही, आणि ही सहा वर्षांतली पहिलीच वेळ होती. एप्रिलमध्ये तपासनीस आले, वाकून बघितलं, मोजपट्टी लावली, आपसांत बोलले. निलगिरी नको, असं त्यांनी लिहिलं. आणखी तीन वर्षं बघू, तोवर कुंपणाच्या आतलं बी दरवर्षी काढून खाली पेरा. टोळीचं काम टिकलं. डॉरिसने त्या दिवशी वस्तीभर मोरोगो या रानपाल्याची भाजी वाटली.

जोनासला कुणी कळवलं नव्हतं, निदान कबूल तरी कुणी केलं नाही. मे महिन्यात, गवत तांबडं पडायला लागलं तेव्हा, तो पुन्हा आला. या खेपेला डबा नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट काखेत होतं. कुंपणापाशी सेलिना आणि केनेइलवे उभ्या होत्या, तिथे तो थांबला. खाली चार नंबरचा वरचा पट्टा वाऱ्यात हलत होता, लहानपणी हलायचा तसा. त्याने बराच वेळ बघितलं.

केनेइलवेला राहवलं नाही. आतापर्यंत तिने हे सेलिनालाही सांगितलं नव्हतं, कारण तिच्या आनंदावर विरजण पडेल असं वाटत होतं. ती म्हणाली की आजोबा, या गवताचं ताजं बी उगवतच नाही. ते दहा-बारा महिने झोपून राहतं. आणि धूर लागला की लवकर जागं होतं, कारण रानात वणवा गेल्यावरच त्याला जागा मिळते. पहिल्या गोणीत चोरीबिरी काही नव्हती, फक्त घाई होती.

जोनासने ते ऐकून घेतलं. मग बोटांवर महिने मोजले.

"म्हणजे," तो म्हणाला, "बोलावल्याबरोबर मी आलो असतो, तर तीही गोणी वाया गेली असती."

आणि हे तो केनेइलवेला नाही, सेलिनाकडे बघून म्हणाला. हा आपल्याशी बोलतोय हे तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने ओठ घट्ट मिटले, कारण पहिलाच शब्द चुकीचा निघाला असता तर?

"मग काय, रुसून उपकार केलेस म्हणायचं, दादा," ती म्हणाली.

"जियानेंचा रुसवा आहे. काहीतरी उगवणारच."

केनेइलवेने काहीतरी काम काढलं आणि ती तिथून निघून गेली. सांगितलं ना, शहाणी पोर.

जोनासने काखेतलं वर्तमानपत्र सोडलं. आत रानबोरीची फांदी होती, चौदा वर्षं जुनी, वाळून काडी झालेली, काटे मात्र तसेच. लोक थट्टेत म्हणायचे ते खरंच होतं तर. त्याने ती खाली ठेवली नव्हती, कपाटामागे उभी करून ठेवली होती. तिला वाटलं आता हा पुन्हा बापाला मागतो.

"ही तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतायत, फुप्फुसं फार दिवस साथ देणार नाहीत. मी सियाबुस्वाला मरीन, तिथे काही करता येणार नाही. पण तिथे राहायचं नाहीये मला. इथे, बाबांच्या पायथ्याशी, जिथे गवत दाट आहे. मला आणायला तू ये."

"मी? हे मुलाने करायचं असतं दादा. नाहीतर पुतण्याने. मी तर दिलेली लेक."

"पोरांना वाट माहीत नाही. आणि ती गप्प बसणार नाहीत, फोन वाजला की उचलतील. फांदी हातात असली की फक्त माझ्याशी बोलायचं असतं. तीन तास. जमेल तुला?"

सेलिनाने फांदी दोन्ही हातांत घेतली. एक काटा बोटात रुतला, तो तिने तसाच राहू दिला.

"चौदा वर्षांचं साठलंय माझ्याकडे," ती म्हणाली. "तीन तासांत कसं व्हायचं?"

जोनासने गुडघे धरत, कण्हत, तिथेच तांबड्या गवतात बैठक मारली. कुसळं त्याच्या कोटाला चिकटली. त्याने शेजारची जागा हाताने थोपटली.

"मग आत्तापासून सुरू कर," तो म्हणाला.